पेपर प्लेट आणणारे काका

शॉमबर्ग (शिकागो), ५ डिसेंबर २००४

प्रल्हाद काका,

आधीच सॉरी म्हणते. ऱ्हस्व-दीर्घाची माझी बोंब तुम्हाला माहीतच आहे, आणि टायपिंग अजून एका बोटाचंच आहे. एवढ्याला दहा मिनिटं लागली. आईकडून तपासून घेतलं असतं, पण हे पत्र तिला दाखवायचं नाहीये.

तुम्ही दिलेला कॉम्प्युटर नीट चालतो. कीबोर्डवर तुम्ही चिकटवलेले मराठी अक्षरांचे स्टिकर अजून आहेत. फक्त ‘ण’चा निघाला, तिथे मी नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. तुम्हाला आधी इमेलच केला होता, तो परत आला. ऑफिस सुटलं की ऑफिसचा इमेल बंद होतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मग बाबांच्या डायरीतून व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नचा पत्ता घेतला. बाबा म्हणाले, “तुला कशाला हवाय?” मी म्हटलं, “ख्रिसमस कार्ड पाठवायचंय.” ते म्हणाले, “आपण कधीपासून ख्रिसमस कार्ड पाठवायला लागलो?”

तुमच्या अपार्टमेंटमध्ये आता एक पोलिश आजी-आजोबा आलेत. तुमच्या बाल्कनीत त्यांनी लाल दिवे लावलेत. तुमची पार्किंगची जागा रिकामीच असते, त्यांच्याकडे गाडी नाही.

तिकडे बर्फ पडतो का? नोकरी बरी आहे का?

गणपतीला सगळे घरून एकेक पदार्थ घेऊन आले होते, त्या पॉटलकला जे झालं ते चांगलं नाही झालं. यशने लॅपटॉप उघडून सगळ्यांसमोर ते वाचायला नको होतं. त्याला गंमत वाटली. इंटरनेटवर, इंग्लंडमधल्या त्या क्रिकेटच्या फोरमवर सगळे जण एकमेकांना ‘पेपर प्लेट’ म्हणून शिव्या देतात, आणि ती शिवी आपल्या मंडळातल्या कुणीतरी काढली हे त्याने वर्णनावरून ओळखलं, म्हणून तो नाचत होता. कुणीतरी लिहिलं असेल रागाच्या भरात. ज्याने लिहिलं त्यालाही वाटलं नसेल की ते इतकं पसरेल.

तुम्ही पण हसलात. मग प्लेटींचे गठ्ठे टेबलावर नीट लावलेत, जॅकेट घातलंत आणि गेलात. परत आलाच नाहीत.

ता. क. वर ‘कुणीतरी’ लिहिलंय ते आता खोडणार होते. नाही खोडत. यशने पोस्टच्या आधी नाव वाचलं होतं, ‘लाँगलेग’. ते नाव मला तुम्हीच दिलं होतंत, अकाउंट उघडताना. “तू नेहमी बाउंड्रीपाशी एकटी उभी असतेस, तेव्हा लाँगलेग,” असं म्हणाला होतात. यशने नाव वाचलं तेव्हा तुम्ही एकदाच माझ्याकडे बघितलंत. बाकी कुणालाच कळलं नाही, आणि तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत.

– गिरिजा


शॉमबर्ग, १९ डिसेंबर २००४

प्रल्हाद काका,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चालले नव्हते. आज सगळं सरळ लिहिणार आहे, दोन दिवस लागले तरी चालतील.

ते मी लिहिलं. १६ मार्च २००३ला, तुम्ही दिलेल्या कॉम्प्युटरवर.

शाळा सोडून मला दोन महिने झाले होते. ते सगळं तुम्हाला माहीत आहे. हिस्टरीच्या तासाला बोलायला उभी राहिले, तोंडातून शब्द फुटेना, आणि मागची मुलं मोठ्याने सेकंद मोजायला लागली. दोनशे अकरापर्यंत मोजले. नंतर मी गेलेच नाही. सोळा वर्षं पूर्ण होती, कुणाला अडवता आलं नाही. बाबा तीन महिने माझ्याशी बोलत नव्हते. तेव्हा तुम्ही हा कॉम्प्युटर गाडीतून आणलात आणि म्हणालात, “शाळा सोडलीस ना, ठीक. वाचणं सोडलंस तर मात्र कान धरीन.” वर्ल्ड कप चालू होता, म्हणून तो इंग्लंडचा क्रिकेटचा फोरम पण तुम्हीच दाखवलात. तिथे बोलावं लागत नव्हतं. लिहायचं, आणि कितीही वेळ लावला तरी कुणी मोजत नव्हतं.

त्या १६ तारखेला होळीचं पॉटलक होतं. तुम्ही प्लेटी घेऊन दारात उभे होतात आणि बाबांना म्हणत होतात, “करून टाका म्हणावं एकदाचं! रोजची टांगती तलवार कशाला?” सगळे वाद घालत होते, पण तुमचा आवाज सगळ्यात मोठा. माझ्याशी शाळेत बोलणारी एकच मुलगी होती, मेगन. तिचा सैन्यातला भाऊ त्याच महिन्यात कुवेतला गेला होता. मला तुमचा इतका राग आला की माझे कान तापले. पण पॉटलकला मी कधी कुणाशी काय बोलते?

घरी येऊन लिहिलं. तिथे युद्धावर भांडायचा वेगळा धागा होता. इंग्लिशमध्ये लिहिलं होतं, तुम्ही ऐकलंयतच, तरी परत लिहिते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलंत, माझ्याकडून नाही.

“आमच्या पार्टीला सगळे घरून जेवण करून आणतात. एक अंकल आहेत, तपकिरी स्वेटरवाले. ते दर वेळी फक्त पेपर प्लेट आणतात. आणि लायनीत सगळ्यांच्या पुढे उभे असतात आणि सांगतात, मीठ जरा पुढे आहे. त्यांना हे युद्ध हवंय. रांधायचं दुसऱ्यांनी, पोरं पाठवायची दुसऱ्यांनी, ह्यांनी फक्त प्लेट आणायची. हा माणूस म्हणजे पेपर प्लेट आहे.”

सकाळी उठून बघते तर चाळीस उत्तरं. लीड्सचा एक माणूस म्हणाला, आमचे अर्धे खासदार पेपर प्लेट आहेत. मग सगळेच सुरू झाले. पेपरात कुणी युद्धाच्या बाजूने लिहिलं की तो पेपर प्लेट. टीव्हीवर जनरलसारखा बोलणारा पण घरी बसलेला, पेपर प्लेट. मग ती दुसऱ्या फोरमवर गेली, मग तिसऱ्या. नंतर कुणीतरी लंडनच्या मोर्च्याचा फोटो टाकला. बायका-माणसांनी कागदी प्लेटींवर तोंडं काढून काठीला लावली होती. मला काय वाटलं सांगू? मला खूप भारी वाटलं. दोनशे अकरा सेकंद एक शब्द न निघालेली मुलगी, आणि तिचा शब्द लंडनच्या रस्त्यावर.

तो अंकल म्हणजे तुम्ही, हे मी हळूहळू विसरलेच. हे सगळ्यात वाईट. पोस्ट टाकल्यावर आठवड्याने फायनल होती, आम्ही तुमच्याकडेच बघायला आलो. आपण हरायला लागलो तेव्हा सकाळी तुम्ही सगळ्यांना मुगाची खिचडी केलीत. दहा माणसांना. मी दोनदा वाढून घेतली. रांधायचं दुसऱ्यांनी, असं लिहून मी तुमची खिचडी दोनदा खाल्ली, आणि माझ्या काहीच लक्षात आलं नाही.

आता दुसरी गोष्ट. मंगळवारी दुपारी घरी मी एकटीच होते आणि फोन वाजला. मी उचलत नाही, तुम्हाला माहीत आहे, पण वाजतच राहिला. “इज धिस श्रीरंग अंकल्स हाउस?” म्हणून कुणीतरी बाबांचं नाव घेऊन विचारलं. मी हो म्हटलं तर बराच वेळ काही नाही, मग उत्तर आलं. प्रत्येक वाक्याला असंच. तो तुमचा अक्षत होता. तुमचा जुना नंबर बंद झालाय आणि नवा नंबर लिहिलेलं तुमचं पत्र त्याच्यापर्यंत पोहोचलेलं नाही. तुमचे शेजारी म्हणून आमचा नंबर त्याच्या वहीत होता.

मी विचारलं, “टेक्सासहून बोलतोयस का?” तुम्ही सगळ्यांना सांगता ना, अक्षतची टेक्सासला नोकरी आहे.

तो हसला. म्हणाला, “नो. आय’म इन इराक. सेकंड टाइम. बाबांनी कुणालाच सांगितलं नाही?”

काका, तुम्ही होळीला ओरडत होतात तेव्हा तो फौजेबरोबर इराकच्या सीमेवर होता. तेव्हा तुम्ही दुसरं काय म्हणणार होतात? मुलगा उद्या आत शिरणार आणि बाप म्हणणार, हे सगळं चुकीचं आहे? मी हे मंगळवारपासून शंभर वेळा विचार करून बघितलंय.

त्याने विचारलं, बाबा शिकागो सोडून का गेले? मी म्हटलं, नवीन जॉब. खोटं बोलले. त्याला डायरीतला तुमचा नवा नंबर दिलाय, तीनदा म्हणवून घेतला. अक्षतचं मी कुणाला सांगणार नाही. तुम्ही माझं सांगितलं नाहीत.

पण माझं मी सांगणार आहे. संक्रांतीचं पॉटलक १५ जानेवारीला आहे. तिथे माइक घेऊन सांगणार. हे तुम्ही मला माफ करावं म्हणून नाही. ते तुमचं तुम्ही बघा.

– गिरिजा


शॉमबर्ग, ९ जानेवारी २००५

प्रल्हाद काका,

तुमचं पाकीट मिळालं. आत एकच कागद, वर नाव नाही, खाली सही नाही. मसालेभाताची कृती. पण आधी, गेल्या आठवड्यात तुम्हाला पाठवलेल्या कार्डात मी ती का मागितली, ते नीट सांगते. कार्डात जागा नव्हती.

नाताळच्या सुट्टीत मी सरला काकूंकडे गेले आणि म्हटलं, पॉटलकची साइन-अप शीट मी टाइप करून देते. काकू खूश. कुणी काय आणायचं ती सगळी यादी गेली आठ वर्षं त्याच करतात ना, हाताने. म्हणाल्या, “कर गं बाई, माझे डोळे गेले त्यात.” आणि जुन्या शीटची फाइलच माझ्या हातात दिली, नमुना म्हणून.

मी जुनी पानं बघत बसले. २००० सालापर्यंत तुमच्या नावासमोर ‘प्रल्हाद-शोभना : मसालेभात’. मग शोभना काकू गेल्या. २००१च्या दिवाळीला तुमच्या अक्षरात लिहिलंय, ‘प्रल्हाद : मसालेभात (शोभनाच्या पद्धतीचा)’. त्यावर सरला काकूंच्या लाल पेनाची काट, आणि बाजूला ‘पेपर प्लेट, चमचे’. २००२च्या संक्रांतीला परत तुम्ही ‘मसालेभात’, परत काट. पाडव्याला परत. गणपतीला तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. त्यानंतर सगळीकडे लाल पेनानेच, ‘पेपर प्लेट’.

मी काकूंना विचारलं, हे का खोडलं?

“अगं, एकटा माणूस. बायको जाऊन वर्ष नाही झालं, कुठे चाळीस माणसांचं रांधत बसेल बिचारा? मी म्हटलं, आपण सोपं काम देऊ.”

“त्यांना विचारलं होतं?”

“विचारायचं काय त्यात? उलट ते संकोचाने हो म्हणाले असते.”

म्हणजे पेपर प्लेट तुम्ही कधी निवडलीच नव्हतीत. तीन वेळा भात लिहिलात आणि तीन वेळा तुमच्या हातात प्लेटी दिल्या. आणि चौथ्या वेळी मी दिली, शिवी म्हणून.

काकू वाईट नाहीत हो. पण मी म्हटलं, या वेळी तुमच्या नावासमोर मसालेभातच टाइप करणार. त्या म्हणाल्या, “ते व्हर्जिनियाला आहेत, गिरिजा. भात काय विमानाने येणार आहे?” मी म्हटलं, “भात मी करीन, नाव त्यांचं राहील.” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी त्यांच्याशी एका वेळी एवढी वाक्यं कधी बोललेच नव्हते.

फोरमवर पण लिहिलं. लाँगलेग नावानेच. की तो माणूस तसा नाही, मी खोटं लिहिलं, तो शब्द कृपा करून वापरू नका. पहिल्या दिवशी लोक चांगलं बोलले. लीड्सवाला म्हणाला, मन मोठं आहे तुझं, पण पोरी, शब्द आता तुझा राहिला नाही, आमचा झाला. दुसऱ्या दिवशी त्यानेच कुणाला तरी पेपर प्लेट म्हटलं. मग मी ठरवलं, जिथे दिसेल तिथे खाली उत्तर द्यायचं. अकरा ठिकाणी दिलं. तेव्हा फोरम सांभाळणाऱ्या मॉडरेटरने मला स्पॅमची वॉर्निंग दिली. आता रोज एकच देते. एकाला बंदी नाही.

कृती वाचली. तोंडली उभी चिरायची, गोडा मसाला दोनदा घालायचा, एकदा फोडणीत आणि एकदा आधण आल्यावर. ‘तांदूळ धुऊन तासभर निथळू दे. घाई करू नकोस.’ ते मला म्हटलंय असं धरते. एवढ्या शुद्ध मराठीत टाइप केलेलं बघून माझी मलाच लाज वाटली. आणि सगळ्यात खाली, ‘अ.चा फोन आला होता.’ बस. ती ओळ मी किती वेळा वाचली ते नाही सांगत.

रोज बाथरूममध्ये बोलून बघते. पंख्याच्या आवाजात बाहेर ऐकू जात नाही. आत्तापर्यंत सगळ्यात बरं म्हणजे सात वाक्यं.

युद्धाबद्दल माझं मत तेच आहे, हे पण सांगून टाकते. ते मी मागे घेत नाही. तुम्हाला जे म्हटलं तेवढं मागे घेते.

– गिरिजा


शॉमबर्ग, १७ जानेवारी २००५

प्रल्हाद काका,

झालं. आज सोमवार, सुट्टी आहे, बसून नीट लिहिते.

शनिवारी सकाळी सहाला उठले. तुमच्याच कृतीने, दहा कप तांदूळ. तोंडली फ्रोझन मिळाली, तेवढं चालवून घ्या. आईने दोनदा पळी हातात घेतली, मी दोनदा काढून घेतली. तळाला लागला थोडा. तरी दोन मोठे ट्रे झाले. फॉइलवर मार्करने लिहिलं, ‘प्रल्हाद काका : मसालेभात’.

शीटवर तुमच्या जागी पेपर प्लेट रिकामी झाली होती, ती मी घेतली. आणि तिथे मला एक कळलं. प्लेटी वाटणाऱ्याला लायनीच्या सुरुवातीलाच उभं राहावं लागतं! दुसरीकडे उभं राहून वाटणार कशा? मी सगळ्यांच्या पुढे उभी होते, आणि जेवायला बसले तेव्हा पुरणपोळी संपली होती. “पुढे उभे असतात,” असं मी लिहिलं होतं. जवळजवळ तीन वर्षं कुणीतरी पुढे उभं राहून शेवटी जेवत होतं आणि मी एकदाही वळून बघितलं नाही.

तिळगूळ वाटून झाल्यावर सरला काकूंनी अनाउन्समेंटसाठी माइक घेतला. त्यांचं झाल्यावर मी जाऊन हात पुढे केला. त्यांना वाटलं, माइक ठेवून देते आहे.

शब्द फुटला नाही. परत तसंच. ऐंशी माणसं, सगळी ओळखीची. इथे कुणी मोजत नव्हतं, पण मीच मनात मोजायला लागले. एकोणतीसवर बाबा उठले आणि माझ्या हातातला माइक घ्यायला पुढे आले. रागावून नाही, हळूच, मला सोडवायला. मी शाळेतून घरी आले होते तेव्हा बाबा असे आले असते तर.

मी म्हटलं, “बाबा, बसा.”

ते माइकमधूनच गेलं. सगळे हसले. आणि मग बोलता आलं.

मी म्हटलं, गणपतीला यशने वाचलं ते मी लिहिलं होतं. लाँगलेग मी. यश मागून ओरडला, “व्हॉट? यू? नो वे!” मी म्हटलं, हो, मी. मग जुन्या शीट दाखवल्या, त्यांच्या कॉपी काढून आणल्या होत्या. तारखा वाचल्या. मसालेभात, काट. मसालेभात, काट. मसालेभात, काट. सरला काकूंचं नाव घेतलं नाही, पण लाल पेन सगळ्यांना माहीत आहे. त्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, “मी चांगल्यासाठीच केलं गं!” आणि रडायला लागल्या. मला त्यांच्याकडे जावंसं वाटलं, पण गेले असते तर परत माइकपाशी येता आलं नसतं. म्हणून उभी राहिले.

मग त्र्यंबक काका, तुमच्याशी दर वेळी वाद घालायचे ते, उठले आणि म्हणाले, “भाताचं ठीक आहे, मान्य. पण दुसऱ्यांची पोरं पाठवा म्हणणारे तेच ना?”

काका, अक्षतचं नाव माझ्या जिभेवर होतं. तेवढं एक वाक्य टाकलं असतं तर त्र्यंबक काका आयुष्यात परत बोलले नसते. मी ओठ घट्ट मिटले. किती सेकंद ते या वेळी मोजले नाहीत.

मग म्हटलं, “दुसऱ्यांची पोरं, असं ते कधीच म्हणाले नाहीत. ते मी लिहिलं. तुम्हाला त्यांच्याशी वाद घालायचा असेल तर ते बोलले त्यावर घाला, मी लिहिलं त्यावर नको.”

त्र्यंबक काका खाली बसले. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. दोन बायका माझ्याशी बोलत नाहीयेत, सरला काकूंना रडवलं म्हणून. यश मात्र भांडी धुताना शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “आय फील लाइक अ जर्क, यार.” मी म्हटलं, काकांना लिही तसं. पत्ता दिलाय. मराठीत लिहायचं म्हणाला तर हसू नका.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, “शाळेबाहेरून द्यायची ती जीईडी का काय परीक्षा असते, तिचे फॉर्म कुठे मिळतात?” मी म्हटलं, आणलेत. एप्रिलमध्ये देते आहे.

भात संपला. दोन्ही ट्रे. पण खरं सांगते, मीठ जरा पुढे होतं.

पाडवा ९ एप्रिलला आहे, शनिवार. शीट मी काल टाइप केली, सरला काकूंनी बघून परत दिली. लाल पेन कुठेच नाही. तुमच्या नावासमोर ‘मसालेभात, चाळीस माणसं’ आहे. पोलिश आजोबांना विचारलंय, त्यांची पार्किंगची जागा तुम्हाला चालेल. तुम्ही आलात तर तुमचा भात, नाही आलात तर परत माझा, नाव तुमचंच. दोन्हीला मी तयार आहे. प्लेटी मी आणणार, या वेळीही आणि पुढेही.

अक्षतला सांगा, त्या दिवशी मी खोटं बोलले, जॉबमुळे नाही गेलात.

– गिरिजा

हो, आणि पाकीट बंद करता करता आईने सांगितलं : काल बसी वुड्सच्या जंगलाजवळ सरला काकूंच्या गाडीवर हरीण आदळलं. काकूंना काही नाही, गाडीचं तोंड पार गेलं. हरीण उठलं, अंग झाडलं आणि रस्ता ओलांडून चालत गेलं. मला शनिवारचा माइक आठवला.